मुळाशी इमान



काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हा छपाई खिळे जुळवून होत असे. पुढे ऑफसेट आलं, संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि आता छापील प्रत टपालात पडायच्या आधीच अंक परदेशातल्या मराठी वाचकाच्या मोबाइलवर उघडतो. यंत्राने या प्रथेला वेळोवेळी हातच दिला आहे. म्हणून कलेच्या प्रांतात शिरलेल्या नव्या तंत्रांकडे आम्ही धास्तीने पाहत नाही. चारही भिंतींवर चित्रं खेळवणारे प्रोजेक्टर, डोळ्यांवर चढवायचे व्हीआर संच, दिवंगत गायकाच्या आवाजात गाणारी संगणकप्रणाली हे सगळं आता आपल्या दारात आलं आहे. यंदाच्या अंकाचा विषय तोच. त्याकडे पाहताना हाताशी एक कसोटी असावी: ज्या मुळावरून नवी प्रतिमा घेतली, त्या मुळाचं तिने काय भलं केलं?

ही कसोटी अजिंठ्याच्या इतिहासातून घेतली आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तिथे मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून लेण्यांत राबले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ च्या आगीत गेल्या, तीही लंडनमध्येच. नकला गेल्या आणि मूळ चित्रंही दुखावली. अंधाऱ्या लेण्यात रंग उठून दिसावेत म्हणून नकला करताना चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. पुढे निजामाच्या राज्याने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत या सद्हेतूने लाखेचा थर दिला, तोही काळाबरोबर पिवळा पडला. त्या थराखाली आहे तरी काय? माती, तूस आणि गवत कालवून केलेला गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी आणि दूरदेशाहून आणलेल्या लाजवर्दाचा निळा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या झुकलेल्या पापण्या त्या बोटभर मातीच्या आधाराने शतकानुशतकं टिकून आहेत.

आजचा कॅमेरा त्या भिंतीला बोटही लावत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार अनेक वर्षं ही चित्रं टिपून, झडलेले भाग संगणकावर अभ्यासपूर्वक पुन्हा भरण्याचं काम करत आहेत. पुनर्भरण पडद्यावर होतं, भिंत आहे तशीच राहते. नव्या तंत्राचा याहून मोठा उपकार दुसरा नाही. फ्रान्सने तर प्रतिकृतीच्या वाटेने एक आख्खी गुहा वाचवली. लास्कोची आदिम चित्रं १९४० साली सापडली, पण प्रेक्षकांच्या श्वासातल्या वाफेने आणि दिव्यांनी ती खराब होऊ लागली, तेव्हा १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद झाली. १९८३ मध्ये पहिली प्रतिकृती खुली झाली आणि २०१६ मध्ये लेसर मोजणीच्या आधारे संपूर्ण गुहेचीच. गर्दी प्रतिकृतीकडे वळली आणि मूळ गुहेला विसावा मिळाला. अजिंठ्याच्या पायथ्याशीही १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. त्यांची निगा राखणं आणि तिथे उत्तम दृश्यानुभव देणं हे लेण्यांच्या संवर्धनाचंच काम मानलं पाहिजे.

मूळ जेव्हा भिंत नसून माणूस असतो, तेव्हा ही कसोटी अधिक कडक लावावी लागते. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा ऐकवले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. उलट, परवानगीवाचून आपला आवाज वापरला जातो म्हणून अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. दोघांनाही न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. ज्या गळ्यावर आयुष्यभराचा रियाज झाला, त्याच्यावर पहिला हक्क त्या गळ्याच्या धन्याचाच.

मोठ्या कलावंतांना निदान न्यायालयाचं दार ठोठावता येतं. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांचं काय? त्यांच्या चित्रकथीच्या एका पोथीत एका आख्यानाची सुटी चित्रं असतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो आणि गात गात कथा पुढे नेतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. उद्या कोणी ही चित्रं स्कॅन करून त्यांचा झगमगता दृश्यखेळ शहरातल्या मॉलमध्ये लावला, तर पिंगुळीचं नाव तिथे असेल का? तिकिटाच्या पैशातला वाटा त्या घरांपर्यंत पोचेल का? लोककलांच्या बाबतीत आपला कॉपीराइट कायदा तोकडा पडतो. म्हणून सांस्कृतिक खात्याने डिजिटल जतनाच्या प्रत्येक करारात कलावंताचं नाव आणि वाटा बंधनकारक करावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

वाट्याचा हाच प्रश्न नाट्यगृहाच्या विंगेतही आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून नाटकं चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली. करोनाकाळात आपल्याकडेही चित्रित नाटकांनी प्रेक्षकांशी धागा जोडून ठेवला. त्याचं मोल आहेच. पण आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर नटापासून रंगमंच कामगारापर्यंत हिशेब होतो तो प्रयोगागणिक मिळणाऱ्या ‘नाइट’चा. चित्रित नाटक हजारो घरांत पाहिलं गेलं, तरी नेपथ्य लावणाऱ्याला नाइट मिळते ती एकच. निर्मात्यांनी आणि संघटनांनी एकत्र बसून चित्रित प्रयोगाच्या उत्पन्नातला पडद्यामागचा वाटा ठरवून टाकावा.

दुसऱ्यांना सांगताना आपला व्यवहारही चोख हवा. या अंकातलं प्रत्येक चित्र चित्रकाराच्या हातचं आहे, त्याखाली त्याचं नाव आहे आणि मानधन पोचलं आहे. लेखकांकडून छपाई, ई-अंक आणि श्राव्य आवृत्ती यांची संमती आम्ही वेगवेगळी घेतली. त्यापलीकडे कुठल्याही यंत्राला शिकवण्यासाठी हे साहित्य लेखकाला विचारल्याशिवाय दिलं जाणार नाही.  

वाचकहो, सुट्टीत मुलांना व्हीआरमधला अजिंठा जरूर दाखवा, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष लेण्यातही न्या. आवडलेलं नाटक मोबाइलवर पाहिलंत, तर पुढचा प्रयोग तिकीट काढून पाहा. कोकणात गेलात, तर पिंगुळीला थांबा आणि एक चित्र कलावंताच्या हातून, त्याने सांगितलेल्या किमतीला विकत घ्या. मूळ कलावंत जगला, तरच उद्याच्या तंत्राला दाखवण्याजोगं काही उरेल.



— संपादक