तरुण स्त्रिया आणि स्तनाचा कर्करोग

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या, दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट आढळली नाही.

तरुण वयात स्तनाची घडण दाट असते, त्यामुळे मॅमोग्राफीतही गाठ निसटू शकते. म्हणून तरुण स्त्रियांचे आरोग्य केवळ शिबिरांवर सोपवून चालणार नाही. बाळंतिणीची गाठ ‘दुधाची’ म्हणून दुर्लक्षिली जाते, अविवाहित मुलगी संकोचाने गप्प राहते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे. आपल्या लेकी-सुनांना हे निःसंकोचपणे सांगता यावे, असे वातावरण आपल्या घरांत आहे का?