जुन्या घराची दुरुस्ती आणि यतना

वडिलोपार्जित घराची दुरुस्ती कार्तिकी पौर्णिमेनंतर काढावी. चातुर्मासातील ओलाव्यात जीवोत्पत्ती अधिक असते. चुन्यात बांधलेल्या भिंतींना चुन्याचाच गिलावा द्यावा; सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडते व विटा झिजतात. सुस्थितीतील सागवानी तुळया पुन्हा वापरणे अपरिग्रहाला धरूनच आहे.

गवंडी-सुतार मजुरीने मिळतात, यतना मिळत नाही. वस्तू पाहून, पुंजून उचलावी व ठेवावी, ही आदान-निक्षेपण समिती साधूंसाठी असली तरी श्रावकालाही मार्गदर्शक आहे. म्हणून माळा रिकामा करणे, पाणी गाळणे, कोनाड्यातील घरटी पाहणे ही कामे भाऊ, जावा व मुलांनी मिळून करावीत. पिले उडेपर्यंत भिंतीचे काम थांबवणारे कुटुंब वाटणीच्या वेळीही एकमेकांसाठी थांबू शकते.