विश्वाचा वेग आणि मोजपट्टीचा प्रश्न

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, या १९९८ मधील निष्कर्षाला २०११ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. मात्र, प्रसरणाला गती देणारी ‘कृष्ण ऊर्जा’ काळाच्या ओघात क्षीण होत असावी, असे संकेत अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील दुर्बिणीवरच्या ‘डेसी’ प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये दिले. त्यामुळे जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला आहे. ज्या मोजपट्टीने विश्वाचे माप घेतले, ती किती अचूक आहे?

ही मोजपट्टी म्हणजे ‘वन-ए’ प्रकारचे सुपरनोव्हा. श्वेतबटू तारा जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतो किंवा दुसऱ्या श्वेतबटूत विलीन होतो आणि त्याचा स्फोट होतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही चंद्रशेखर मर्यादा या स्फोटांच्या सिद्धांतात कळीची मानली जाते. हे सर्व स्फोट तंतोतंत सारखे नसतात. परंतु अधिक तेजस्वी स्फोट सावकाश विझतो, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखविले. त्या आधारे मूळ तेज ठरविता येते. मूळ तेज ठाऊक असले, की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते.

गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत असणार, अशी तेव्हा बहुतेकांची अपेक्षा होती. सॉल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांचा गट हे मंदावणेच मोजायला निघाले होते. प्रत्यक्षात दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजेच अधिक दूर आढळले.

या निष्कर्षाला ठोस आक्षेप घेणाऱ्यांत पुण्यातील ‘आयुका’चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते. आंतरदीर्घिकीय अवकाशातील धातूंच्या सूक्ष्म सुयांसारखे कण प्रकाश शोषत असतील, तर हा अंधुकपणा वाढत्या वेगाशिवायही समजावता येतो, असे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. आक्षेप तर्कशुद्ध होता. त्याला उत्तर निरीक्षणांतूनच मिळणे आवश्यक होते. २००४ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेल्या आणखी दूरच्या सुपरनोव्हांनी धुळीचे साधे स्पष्टीकरण अडचणीत आणले. धूळच कारण असती, तर अंतराबरोबर अंधुकपणा वाढतच गेला असता. तसे झाले नाही. विश्वाचे प्रसरण आधी मंदावत होते आणि सुमारे पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी वेग घेऊ लागले, हेच चित्र पुढे आले. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या मोजमापांनीही कृष्ण ऊर्जेच्या बाजूने स्वतंत्र साक्ष दिली. त्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली.

आजचा पेच अधिक सूक्ष्म आहे. ‘डेसी’ दीर्घिकांच्या मांडणीवरून अंतरे मोजते. पण कृष्ण ऊर्जा बदलते आहे, हा संकेत सुपरनोव्हांची जोड दिल्यावर ठळक होतो. २०२५ च्या विश्लेषणात कोणती सुपरनोव्हा सूची वापरली, त्यानुसार त्याचे बळ २.८ ते ४.२ सिग्मा असे बदलले. शोध म्हणून मान्यता मिळण्यासाठी प्रघातानुसार ५ सिग्मा लागतात. जवळचे आणि दूरचे स्फोट वेगवेगळ्या दुर्बिणींनी पाहिलेले असतात. तेजमापनात काही शतांशांची तफावत राहिली, तरी निष्कर्षाचे पारडे झुकू शकते.

ही तफावत कमी करण्याची आशा चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेवर आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दहा वर्षांच्या नियोजित सर्वेक्षणात एकाच दुर्बिणीतून जवळचे व दूरचे लक्षावधी सुपरनोव्हा टिपले जाणे अपेक्षित आहे.

कृष्ण ऊर्जा स्थिर असेल, तर विश्व अखंड फैलावत आणि रिते होत जाईल. ती क्षीण होत असेल, तर विश्वाच्या अंताचे आजवर गृहीत धरलेले चित्र पुन्हा रेखाटावे लागेल. त्याआधी मोजपट्टी तपासून घेणे, हे या शास्त्राचे पहिले कर्तव्य ठरते. नारळीकरांसारख्यांच्या शंकेने ते १९९८ नंतर करायला लावले होते. आजही त्याला पर्याय नाही.