घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा

बेळगावहून गोव्याला निघालं, कणकुंबी मागे पडली आणि चोर्ल्याचा उतार लागला की मागच्या सीटवरून हमखास सूचना येते, ‘न्यूट्रल कर रे, पेट्रोल वाचेल!’ सांगणारे काका किंवा आजोबा असतात. त्यांच्या काळात ते अगदीच चुकीचं नव्हतं. अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीची मारुती 800 या सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या. उतारावर त्या गिअरमध्ये असल्या की इंजिन जोरात फिरायचं आणि त्याच्या ओढीनं पेट्रोल आत जातच राहायचं.

तुमच्या दारातली गाडी मात्र इंजेक्शनची आहे. गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की चाकंच इंजिनाला फिरवत असतात. हे कॉम्प्युटरला कळतं आणि तो इंधन बंद करतो. आरपीएम आयडलच्या जवळ येईपर्यंत इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रल केलंत तर चाकांचा संबंध तुटतो आणि इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च करून बसलात. पटत नसेल तर डॅशबोर्डवरचं चालू अ‍ॅव्हरेज शेजारच्याला बघायला सांगा. तुम्ही रस्त्याकडेच बघा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. वळणामागून वळणं, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड कमी होते. काही शहाणे तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा दाबल्यावर संपते, स्टिअरिंगही जड होतं. घाट चढायला जो गिअर लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा.

अ‍ॅव्हरेज खरं वाढतं ते वेगावर. 80 ऐवजी 100 ने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टपावरचा रिकामा कॅरिअरही तेच करतो. ट्रिप झाली की काढून ठेवा. पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढा, इथेही तोच इंधनबंदीचा फायदा मिळतो.

टायरची हवा महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या मुलाला विचारू नका. नायट्रोजन भरला असला तरी तपासावी लागतेच. पेट्रोलमध्ये ओतायच्या ‘मायलेज वाढवणाऱ्या’ बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

फरक मोजायचा तर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागा. वर्षाला 10,000 किलोमीटर चालणारी गाडी 15 ऐवजी 17 देऊ लागली, तर सुमारे 78 लिटर वाचतात. शंभराच्या आसपासच्या भावानं हिशेब तुम्हीच करा, आणि काकांनाही दाखवा.