हाडे मुलांच्या हाती द्या!

माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, सबब डार्विन खोटा, असे जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी ठणकावले. शास्त्रज्ञांनी निषेध केला. पण दहावीत उत्क्रांतीवर पैकीच्या पैकी गुण घेतलेल्या किती मुलांना या मंत्र्यांना उत्तर देता आले असते? २०२३ मध्ये तर एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच कापून टाकली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला, तरी कात्री चाललीच. ज्ञानाशी केलेला हा उघड द्रोह आहे!

आमच्या महाराष्ट्र राज्य मंडळाने ते पाप केले नाही. दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख यांची हाडे त्यात शेजारी शेजारी छापली आहेत. आणि वर्गात काय चालते? ‘शरीरशास्त्रीय पुरावे स्पष्ट करा’, चार ओळी घोका, पुढचा पाठ काढा! पुरावा डोळ्यांनी पाहायचा असतो, तो पाठ करून घेणारे शिक्षण विज्ञानाच्या नावावर खपवणे ही फसवणूक आहे.

प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, ही रडगाणी बंद करा. सोलापुरात मटण-चिकनची दुकाने कमी आहेत काय? कोंबडीचा पंख उकळा, मांस सोडवा, हाडे पुठ्ठ्यावर मांडा. खांद्याला एक हाड, पुढे दोन, मग मनगट, टोकाला जुळून गेलेली बोटे. शेजारी बोकडाचा पुढचा पाय ठेवा: वर तसेच एक, खाली एकमेकांना चिकटलेली दोन, शेवटी दोन बोटांचे खूर. मग पोरांनी आपापला हात दंडापासून बोटांपर्यंत चाचपावा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाची ओळख असलेला माळढोक पक्षी ज्या पंखांवर उडतो, त्यांची मांडणीही हीच! सगळ्यांचा पूर्वज एकच असल्याची ही खूण.

मांस चालत नसेल तिथे सायटोक्रोम-सी या प्रथिनातल्या १०४ अमिनो आम्लांचा क्रम कागदी पट्ट्यांवर लिहा. माणूस आणि चिंपांझी यांत फरक शून्य. ऱ्हीसस माकडाशी फक्त एका जागी. कोंबडीशी कितीतरी जास्त. हे फरक मोजून वंशवृक्ष मुलांनीच काढावा, गुरुजींनी फळ्यावर काढून देऊ नये. मग ‘कुणी पाहिले?’ असे दरडावणाऱ्यापुढे मुले पट्ट्या आणि हाडे ठेवतील.

शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक, विज्ञान शिक्षक, यंदा हा पाठ बाकांवर हाडे मांडूनच झाला पाहिजे. आणि पालकहो, तुमच्या मुलांच्या शाळेत तो नुसता घोकून घेतला, तर शाळेत जाऊन जाब विचारा.