आधी ऐका, मग सुई: कंबरदुखीच्या रुग्णांचा जाहीरनामा

आम्ही ऊस तोडणारे, भात लावणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, एसटी चालवणारे, शिलाई मशीनवर वाकलेले. गावं वेगळी, मजुरी वेगळी, दुखणं एकच. ते घेऊन आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलो, खासगी दवाखान्यात पैसे मोजले. "कंबर..." एवढं म्हणेपर्यंत केसपेपरवर गोळ्या लिहून झालेल्या असत.

आमच्यातल्या एकीला सांगितलं, "वजन उचलू नका, महिनाभर आराम करा." दुसऱ्या पहाटे तिच्या डोक्यावर मोळी होती आणि पायाखाली ट्रकला लावलेली फळी. खाडा पडला की मुकादम तो तिच्याच हिशेबात लावतो. तिचं काम काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्याच्या एमआरआयमध्ये 'गॅप' निघाली. तेव्हापासून तो वाकायलाही घाबरतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात, विशीत तिघांतल्या एकाच्या आणि ऐंशीत जवळजवळ सगळ्यांच्या, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आणि "कंबर दुखते, अंगावरून जातं" म्हणणाऱ्या ऊसतोड बायकांना गर्भाशयच काढायला सांगितलं गेलं. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

२०२० मध्ये जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. बहुतेकांच्या दुखण्याला एकच असं ठाम कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी प्राथमिक आरोग्य सेवेतल्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं दिली: रुग्णाला नीट समजावून सांगा, व्यायाम शिकवा, पट्टे आणि वजनं लावून ताण देणं सरसकट नको. आमच्या घरात मात्र खुंटीला पट्टाच लटकतो आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. औषध लिहिण्याआधी आमचं काम, झोप आणि काळजी विचारा. हात लावून तपासा.

२. लघवी अडणं, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणं, ताप, वजन घटणं, पडल्याचा मार, पूर्वीचा कॅन्सर, हे प्रत्येकाला विचारा. यातलं काही असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा.

३. तसं काही नसेल तर एमआरआय कशाला, हे आम्हाला समजेल अशा मराठीत सांगा. 'गॅप' म्हणून घाबरवू नका.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना व्यायाम शिकवण्याचं प्रशिक्षण द्या.

५. आरामाचा सल्ला देताना मजुरी बुडणार आहे, हे लक्षात घ्या. काम न सोडता ते कसं करावं, हे सांगा.

डॉक्टरांशी आमचं वैर नाही. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक केंद्र, हा सरकारचाच निकष. बाहेरची रांग आम्हालाही दिसते. माणसं वाढवा, ही मागणी त्यांच्यासाठीही आहे.

चूक आमचीही आहे. सुई न देणारा डॉक्टर आम्हीच बिनकामाचा ठरवला. यापुढे आम्ही सुई मागणार नाही, शिकवलेला व्यायाम सोडणार नाही.

कंबर धरून बसलेल्या प्रत्येकाला आमचं सांगणं: पुढच्या वेळी केसपेपर पुढे सरकवण्याआधी एवढंच म्हणा, "डॉक्टर, मी दिवसभर काय काम करते, ते आधी ऐका." आमची चळवळ या वाक्यापासून सुरू होते.