सदर पुढे, माजघर मागे : वाड्याचा नकाशा नेमका कोणी ठरवला?

चिंचवड गाव, मोशी, चऱ्होली किंवा चाकणच्या जुन्या गावठाणात चक्कर मारली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'वाडा डेव्हलपमेंटला दिला.' सागवानी खांब ट्रकमध्ये चढतात, जोत्याचे दगड बाजूला लागतात आणि वर्ष-दोन वर्षांत तिथं पार्किंग आणि वर फ्लॅट उभे राहतात.

पण वाडा पडतो तेव्हा नक्की काय जातं? फक्त लाकूड आणि विटा, की आणखी काही?

वाड्यात कोण कुठपर्यंत?

वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असतो. आत येणाऱ्याला वाकावं लागतं, त्यामुळे एका वेळी एकच माणूस येतो. बाजूला पहारेकऱ्याची देवडी. पुढे चौक, ओसरी आणि सदर. हिशेब, तंटे, पाहुणे, पुरुषांच्या बैठका सगळं सदरेवर. त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली आणि शेवटी परसदार.

थोडक्यात, माणूस जितका जवळचा तितका तो आत जाणार. व्यापारी सदरेपर्यंत, सोयरे ओसरीपर्यंत, घरची बाई माजघरात. चिंचवडचा मंगलमूर्ती वाडा तर घर आणि देवस्थान दोन्ही. भाद्रपद आणि माघात मंगलमूर्तींची पालखी इथूनच मोरगावला निघते. वाड्याचा पुढचा भाग गावाचा आणि मागचा घराचा, हे अशा ठिकाणी चटकन लक्षात येतं.

अरबांच्या घरातही हाच प्रश्न

दमास्कस, बगदाद किंवा मोरोक्कोतल्या फेज शहरातलं जुनं घर रस्त्याकडे जवळपास पाठ करून उभं असतं. बाहेरून साधी भिंत, आत चौक आणि अनेकदा मधोमध हौद. दारातून शिरलं की वाट वळते, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट आत पोचत नाही. पाहुण्या पुरुषांची बैठक, म्हणजे मजलिस, दाराजवळ. कैरोच्या जुन्या घरांना मश्रबिया नावाची लाकडी जाळीची खिडकी असते. आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतलं माणूस दिसत नाही.

यामागे धर्म आणि चालीरीती आहेत. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये, असं कुराणातच सांगितलंय. पाहुणचार मोठा, पण घराचा खासगीपणाही तितकाच मोठा. दोन्ही सांभाळायचं तर नकाशातच तशी सोय लागते.

हवामानाचाही वाटा आहे. रात्री थंड हवा चौकात उतरते, दिवसा भिंतींची सावली पडते. आपल्या वाड्याचा चौकही हेच काम करतो.

दोन्हीकडची घरं वेगवेगळ्या मातीतली, पण अगदीच अनोळखी नाहीत. वाड्यातली सुरूच्या आकाराचे खांब आणि कमानी ही रचना मुघल आणि दख्खनी दरबारांच्या ओळखीची. इमारत, महिरप, हौद हे आपले रोजचे शब्द मूळ अरबी.

मग वाडा गेल्याचं दुःख कशाला?

इथं सरळ उत्तर नाही. चौकातली सावली खरी, तशीच उंबरठ्यावरची अडवणूकही खरी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या माणसाला दाराबाहेर थांबावं लागे. पाळी आलेली बाई वेगळी बसे. सदरेवर निर्णय होत, माजघरात ते कळत. हे सगळं नकाशात बांधलेलं होतं.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी आली, १९८२ मध्ये महापालिका झाली. मोशी, चऱ्होली, चिखलीसारखी गावं १९९७ मध्ये हद्दीत आली. चाकणला गाड्यांचे कारखाने आले. कामगार आले, भाडेकरू आले. एकत्र कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्याच्या वाटण्या झाल्या.

फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट हॉल, आणि हॉलमधून किचन दिसतं. पण जुनी सवय जात नाही. किचनला पडदा लागतो आणि सेफ्टी डोअर दिंडी दरवाजाचं काम करतं. मोकळ्या जागेचं गणितही उलटं झालं. बांधकाम नियम इमारतीच्या चारी बाजूंनी जागा सोडायला सांगतात. वाड्यात मधोमध असलेलं अंगण बाहेर गेलं आणि तिथं गाड्या लागल्या.

आता सही कोणाची?

सगळ्यात मोठा बदल मात्र कागदावर झालाय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. २००५ च्या बदलाच्या आधी वडील वारले असले तरी हा हक्क मिळतो, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

म्हणजे वडिलोपार्जित वाडा बिल्डरला द्यायचा तर हिस्सेदार लेकींचीही सही लागते. ज्या माजघराला सदरेवर आवाज नव्हता, तिथली लेक आज करारात आहे. तिच्यापुढे अनेकदा हक्कसोडपत्र ठेवलं जातं. 'भावाशी गोडी राहू दे' एवढ्यावर सही होते. हक्कसोडपत्र नोंदवलं की तो हिस्सा परत मिळवणं फार अवघड असतं, त्यामुळे सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवणं गरजेचं आहे.

वाडा टिकवायचा की पाडायचा, हा निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असेल. चिंचवडमध्ये चापेकर बंधूंचा वाडा स्मारक म्हणून जपला गेला, पण प्रत्येक वाडा स्मारक होऊ शकत नाही. नव्या इमारतीच्या नकाशात मात्र मधोमध उजेड आणि वारा येईल असा चौक मागता येतो. आणि तो नकाशा ठरवायच्या बैठकीत या वेळी माजघरही बसलेलं असायला हवं.